साडेबाराची सावली

दीपमालाचं पत्र आलं तेव्हा वामनरावांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. अकोल्याच्या शाळेच्या पत्त्यावर आलेलं निळं आंतर्देशीय पत्र होतं ते. खुशालीच्या दोन ओळी झाल्या, आणि मग त्यांच्या या जुन्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, 'माझी मुलगी प्रतीक्षा पाचवीत आहे. तिला सावलीचा प्रयोग दिला आहे. सावली सर्वांत लहान किती वाजता होते असे ती विचारते. तिला काय सांगू ते कळवावे. आणि माझे ते कार्ड तेव्हा आपण पाठवले होते का, तेही कळवावे.'

वामनरावांनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. सात-आठ वेळा घेतलं. पण लिहायला बसले की त्यांचं पत्राचं प्रकरण व्हायचं. पहिल्या पानावर सूर्य, दुसऱ्या पानावर देशाचं घड्याळ, तिसऱ्या पानावर त्या काळची शिक्षणपद्धती. जे वाक्य लिहायचं होतं ते चौथ्या पानावर येणार असायचं आणि चौथं पान कधी यायचं नाही. मग वार्षिक परीक्षा आल्या, मग निवृत्ती, मग बायकोचं आजारपण. पुढे पुढे तर उशिराचीच लाज मोठी झाली. वीस वर्षं झाली त्याला. पत्र एका जुन्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात होतं. त्याच पुस्तकात दीपमालाचं कार्डही होतं. ते त्यांनी पाठवलंच नव्हतं.

आणि जानेवारीतल्या एका सकाळी श्यामचा फोन आला. श्याम म्हणजे त्यांचा मोर्शीजवळच्या गावातल्या शाळेतला विद्यार्थी; आता अमरावतीला त्याचं पाइपांचं दुकान आहे.

"गुरुजी, टीव्हीवरचं 'पाहू पडताळून' आठवते काय?"

"आठवते बाबा."

"तो सावलीवाला भाग सापडला. कोण्या माणसानं मोबाइलवर टाकला. आपल्या बॅचचा गट पागल झाला, गुरुजी. सव्वीस तारखेच्या रविवारी राजापेठेत हॉल घेतला. मोठ्या पडद्यावर लावतो अन् तुमचा सत्कार करतो. नाही म्हणू नोका."

"मी काय केलं त्यात?"

"घ्या. टीव्ही कोणी दाखवला आमाले? गावाचं नाव कोणामुळं आलं टीव्हीवर? अडतीसपैकी अडतीस, गुरुजी."

वामनरावांनी विचारलं, "दीपमाला येते का?"

"देवीदास माळ्याची? ते बडनेऱ्याले असते. फुलाचा मोठा धंदा हाय तिचा. हार तिलेच सांगतले ना म्या," श्याम म्हणाला.

त्या दिवशी वामनरावांना जेवण गेलं नाही.

गावातला टीव्ही सरकारने शाळेला दिलेला होता. काळापांढरा, लाकडी दारांच्या पेटीत बसवलेला, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली वामनरावांच्या जानव्याला. दर गुरुवारी साडेदहाला वर्गातल्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, एकाने कौलांवर चढून अँटिना फिरवायचा आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, "आली, आली, गेली!" दसऱ्याला त्या पेटीला झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट लागायचं. मोठी माणसंही चपला बाहेर काढून आत येत. टीव्हीवरचा माणूस खोटं बोलू शकतो, हे कोणाच्या मनातच येत नव्हतं. कार्यक्रम लागायच्या आधी पडद्यावर घड्याळ दिसे, त्यावर गावातली आठ-दहा मनगटं जुळवली जात.

आणि गंमत अशी की कार्यक्रमातले स्वेटरवाले काका दर वेळी शेवटी बोट उगारून सांगायचे, "मी सांगतो म्हणून मानू नका. पाहा पडताळून!" पोरं त्यांच्याबरोबर ओरडायची. शाळा सुटल्यावर बैलांनाही ऐकवायची. त्या वाक्यासाठी वामनराव आठवडाभर गुरुवारची वाट पाहायचे. लहानपणापासून ते भिडस्त. वर्गातही आवाज चढायचा नाही. आपल्याला जे बोलता येत नाही ते हा माणूस किती सहज बोलतो, असं त्यांना वाटे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत सावलीचा भाग लागला. काकांनी पाटावर काठी उभी केली, दिवा फिरवला आणि सांगितलं की दुपारी बरोबर बारा वाजता सावली सगळ्यांत लहान होते. मी सांगतो म्हणून मानू नका. घरी करून पाहा, कार्डावर लिहा आणि शाळेमार्फत एकगठ्ठा पाठवा.

सातवीत एकोणचाळीस पोरं होती. अडतीस जणांनी घरी बसून 'बारा' लिहिलं. दीपमाला रविवारी बापाच्या वांग्याच्या वावरात गेली. जमीन सारवून सपाट केली, काठी रोवली, बापाचं मनगटी घड्याळ मागून घेतलं, शिंप्याची टेप आणली आणि साडेअकरापासून दीड वाजेपर्यंत दर पाव तासानं सावली मोजली. बाराला एकशे अठरा सेंटिमीटर, सव्वाबाराला एकशे सोळा, साडेबाराला एकशे पंधरा, पाऊण वाजता पुन्हा एकशे सोळा, एकला एकशे अठरा. खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'सावली साडेबारा वाजता लहान होते. बाराला होत नाही.'

सोमवारी वामनरावांनी ते कार्ड वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. असलं कार्ड शाळेच्या सहीनं जाणार, वर. उद्या शिक्षणाधिकारी विचारतील.

"तुझं घड्याळ मागं-पुढं असेल, बाई."

"नाही गुरुजी. बाबानं गुरुवारी टीव्हीवरूनच लावलं होतं."

त्या क्षणी ते म्हणाले असते की चला, आज आपण सगळे मैदानात काठी रोवू, तर पुढचं काहीच झालं नसतं. मैदान समोर होतं. ऊनही होतं. पण वामनरावांनी वर्गाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाकोणाची सावली बाराला लहान झाली? हात वर करा."

अडतीस हात वर गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "दीपमालाच्या वावरात सूर्य झोपून उठते, गुरुजी." वर्ग हसला. वामनरावही हसले. ते हसू त्यांना पुढे कितीदा आठवलं असेल, त्याची गणती नाही.

"एक चुकेल की अडतीस चुकतील?" त्यांनी विचारलं.

दीपमाला उभीच होती. मग बाकावर बसली, खोडरबर मागितलं, खालची ओळ खोडली आणि लिहिलं, 'सावली बारा वाजता लहान होते.' वामनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून "शाबास" म्हटलं.

पण तिनं वरचा तक्ता खोडला नव्हता. तो तसाच. नऊ ओळी एक सांगत होत्या आणि दहावी भलतंच. असं कार्ड पाठवणार कसं? वामनरावांनी ते बाजूला ठेवलं आणि अडतीस कार्डं मोर्शीला जाऊन टपालात टाकली. महिनाभरानं काकांनी गावाचं नाव वाचलं. "सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर!" गावात पेढे वाटले. अडतीस नावांचं प्रमाणपत्र आलं, त्याला काच बसली. दीपमालानं एकदाच विचारलं, "गुरुजी, माझं कार्ड नाही पोचलं?" ते म्हणाले, "टपालाचं काय सांगावं." सातवीनंतर तिची शाळा सुटली.

तीन वर्षांनी अकोल्याच्या रद्दीच्या दुकानात त्यांना ते खगोलशास्त्राचं पुस्तक मिळालं. देशाचं घड्याळ पूर्वेकडच्या एका रेषेवर लावलेलं असतं, आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला उशीर होतो. जानेवारीच्या शेवटी तर चांगला अर्धा तास. सतरा क्रमांकाच्या पानावर होतं ते. वामनरावांनी ते पान तीनदा वाचलं, दीपमालाचं कार्ड आणून त्या पानात घातलं आणि पुस्तक मिटलं.

सव्वीस तारखेला सकाळच्या गाडीनं ते बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोनं अमरावतीत आले. कोटाच्या आतल्या खिशात ते कार्ड होतं. गाडीत त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं : आज माईकवर सांगायचं. सगळ्यांसमोर हसलो होतो, सगळ्यांसमोर सांगायचं. वाक्य पाठ केलं होतं, लहानसं. "दीपमाला बरोबर होती आणि मला ते माहीत होतं." बस.

हॉलच्या दारातच ती दिसली. टोपलीतून हार काढून एका खुर्चीच्या पाठीवर टांगत होती. पन्नाशीला टेकलेली, चष्मा, हातात मोबाइल, खांद्यावरून घट्ट खोचलेला पदर.

"ओयखलं काय, गुरुजी?"

"न ओळखायला काय झालं. दीपमाला."

तिनं वाकून नमस्कार केला. वामनरावांनी पाय मागे घेतले.

"तुझं पत्र मिळालं होतं मला," ते म्हणाले.

"मिळालंच असन. डाकवाला कुठी खाते काय?" तिनं हाराची गाठ तपासली. "आठ दिवस वाट पाह्यली म्या. नवव्या दिवशी पोरीले शाळेत कापी द्याची होती."

"मग?"

"मंग काय. बारा लिही म्हटलं. दहापैकी दहा भेटले तिले."

ती हसत नव्हती आणि रागावलेलीही दिसत नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती.

"ते म्हणे, आई, तू पाह्यलं होतं ना साडेबाराले? म्या म्हटलं, पाह्यलं त पाह्यलं. आपल्या पाहण्याले कोण विचारते, गुरुजी सांगन ते लिही." मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "खरं सांगू काय, मले तेच जमलं जन्मभर. घरी मालक म्हणे असं, त असं. फवारनीवाला म्हणे या फुलाले हेच औषध, त हेच. पानं जळतानी दिसून राहिले होते मले डोळ्यानं. पन बोलली नाही. म्हटलं, आपलंच काही चुकून राहिलं असन."

"दीपमाला, ते कार्ड..."

"नव्हतं टाकलं ना? मले माईतच होतं." तिनं टोपली उचलली. "एक सांगा फक्त. बरोबर होतं काय माहं?"

वामनरावांचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात श्याम धावत आला. "गुरुजी, इथी काय करून राहिले? सारे वाट पाहून राहिले तुमची. चला, चला." दंडाला धरून त्यानं आत ओढलंच. मागे वळून वामनराव म्हणाले, "तू थांब. मी आत बोलणार आहे. तू पण चल ना आत."

"मी कशाले? त्या नावायच्या पाटीवर मी कुठी हाओ?" ती म्हणाली. पण दारातच थांबली.

व्यासपीठामागे मोठं कापड लावलं होतं. त्यावर टीव्हीचं चित्र आणि प्रमाणपत्रावरून उतरवलेली अडतीस नावं. समोर पन्नाशीची माणसं, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, बायका जरीकाठाच्या साड्यांत. दिवे घालवले आणि पडद्यावर स्वेटरवाले काका आले. स्वेटर हिरवागार होता. "अरे, हिरवा होता काय!" कोणीतरी म्हणालं. "आपण राखाडी समजून राहिलो होतो जन्मभर." सगळे हसले आणि लगेच काहींनी डोळे पुसले. काकांनी काठी उभी केली, दिवा फिरवला, बारा वाजता म्हणून सांगितलं. आणि शेवटी सगळा हॉल एका आवाजात ओरडला, "मी सांगतो म्हणून मानू नका! पाहा पडताळून!"

यातल्या एकानंही पडताळून पाहिलं नव्हतं, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच आठवत होतं. एक माईकजवळ बसला होता आणि एक दारात उभी होती.

शाल झाली, श्रीफळ झालं. दीपमालानं ओवलेला हार गळ्यात पडला. शेवंतीचा होता, जड, ओला. श्यामनं माईक हातात दिला. वामनराव उभे राहिले. समोरचे चेहरे इतके आनंदात होते की त्यांना वाटलं, यांच्या ताटात आपण माती कालवायची? तेवढ्या क्षणापुरतं ते कारण त्यांना खरंही वाटलं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि भीडच बोलली.

"तुम्ही सगळ्यांनी तेव्हा उन्हात उभं राहून सावली मोजली," ते म्हणाले. "अडतीसच्या अडतीस जणांनी. माझं नाव झालं ते तुमच्यामुळे."

टाळ्या पडल्या. श्यामनं तर शिट्टी मारली. टाळ्या थांबल्या तेव्हा दारात कोणी नव्हतं.

जेवण झालं, फोटो झाले. खाली उतरल्यावर वामनरावांनी रस्त्याकडे पाहिलं. फुलांची टोपली नव्हती, ती कोणत्या बाजूला गेली हे सांगणारंही कोणी नव्हतं. गळ्यातला हार त्यांनी काढून हातात घेतला आणि गाडीत मांडीवर ठेवून अकोल्याला आणला.

सोमवारी आभाळ होतं. मंगळवारी ऊन पडलं. अकराच्या सुमारास वामनराव रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून गच्चीवर गेले. त्यात त्यांनी पडद्याची जुनी दांडी रोवली, ओळंबा लावून सरळ केली आणि टेप, वही घेऊन चटईवर बसले. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हा प्रयोग एकदाही केला नव्हता. आधी टीव्हीवरून शिकवला, मग पुस्तकातून समजून घेतला.

सून सीमा कपडे वाळत घालायला आली. "बाबा, उन्हात काय करून राहिले? टोपी तरी घाला."

"सावली मोजतो. मला मोबाइलवरची वेळ सांगशील का? दर पाव तासानं."

"दर पाव तासानं? माहा कुकर चढला हाय, बाबा." पण ती मोबाइल घेऊन कठड्याला टेकली. बारा वाजले. "झाली ना आता सगळ्यात लहान?"

"खडूची खूण करून ठेव. थांब."

सव्वाबाराला सावली खुणेच्या आत आली होती. सीमा कुकर बंद करून परत वर आली. साडेबाराला आणखी आत. पाऊण वाजता तीच वाकली आणि म्हणाली, "आता वाढून राहिली." मग खडूच्या खुणा पाहत उभी राहिली. "पन शाळेत त बारा सांगत. आमच्या पुस्तकात बी बाराच होतं. काहून सांगत असं?"

"सांगत नव्हते," वामनराव म्हणाले. "मी सांगत होतो."

तिला ते समजलं नाही. त्यांनी समजावलंही नाही. दीडची सावली मोजून झाल्यावर खाली येऊन त्यांनी कागद घेतला. या वेळी पत्राचं प्रकरण होऊ नये म्हणून अर्धाच कागद फाडला. वरच्या अर्ध्यात स्वतःचा तक्ता उतरवला, साडेअकरापासून दीडपर्यंत, दीपमालानं काढला होता तसाच. खाली लिहिलं :

'दीपमाला, तुझं बरोबर होतं. सावली साडेबाराला लहान होते. तुझं कार्ड मी पाठवलं नाही, सोबत परत करतो. खालची ओळ मी खोडायला लावली, ती तुझी नाही. मला हे एक्क्याण्णव सालापासून माहीत होतं. तुझं पत्र आलं तेव्हाही माहीत होतं आणि तरी उत्तर दिलं नाही. रविवारी माईकवर मी पुन्हा खोटं बोललो, ते तू ऐकलंस. हे सगळं श्यामला आणि त्या अडतीस जणांना दाखवायचं असेल तर दाखव. — वामन गुरुजी.'

'क्षमा कर' असं लिहायचं त्यांच्या मनात होतं. लिहिलं नाही. ते मागायला फार उशीर झाला होता, आणि मागितलं असतं तर तिला पुन्हा एकदा कोणाच्या तरी मनासारखं बोलावं लागलं असतं.

कार्ड पाकिटात घालण्याआधी त्यांनी ते पुन्हा पाहून घेतलं. सदतीस वर्षं ते जवळ होतं. पेन्सिल फिकी झाली होती, पण आकडे वाचता येत होते. उजेडात धरलं तर खोडलेल्या ओळीतलं 'साडे' अजून दिसत होतं. त्यांनी पाकीट चिकटवलं, श्यामला फोन करून पत्ता घेतला. "काहून, गुरुजी? हाराचे पैसे मी देल्ले तिले," तो म्हणाला. "तसं नाही," वामनराव म्हणाले आणि फोन ठेवला.

टपाल कार्यालयात तिकिटं घ्यायला रांग नव्हती. खिडकीतल्या बाईनं पाकीट तोलून पाहिलं, एक तिकीट जास्त लावा म्हणाली. त्यांनी लावलं. बाहेर लाल पेटी होती. वामनरावांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला, पाकीट आत सरकवलं आणि सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट पत्र्याच्या तळाला लागल्याचा आवाज आला.